तिसऱ्या बाईचा चेहरा

नदीकाठच्या त्रियाना वस्तीत, विसीच्या बारमध्ये सिप्रियानो काका चाळीस वर्षं एकाच जागी उभे राहत आले होते. भिंतीला पाठ, हातात शेरीचा पेला. खुर्चीत बसून पिणारा माणूस एक तर आजारी असतो नाहीतर परगावचा, असं त्यांचं ठाम मत. पण त्या दुपारी ते हौसेनं उभे नव्हते. त्यांच्या पाठीमागे एक टाइल होती, आणि ती नगरपालिकेच्या तपासनिसाला, त्या किरोगाला, दिसू द्यायची नव्हती.

टाइल्सची ती सगळी भिंत विसीच्या आजोबांनी रंगवलेली. नदीवर धुणं धुणाऱ्या बारा बाया, वर तांब्याची झळाळी. इमारत विकली गेली होती आणि घेणाऱ्याला तिथं हॉटेल काढायचं होतं. भिंत जागच्या जागी जपावी असा शेरा किरोगानं मारला, तर विसीच्या बारला कुणी हात लावू शकत नव्हतं. नाही मारला, तर जूनमध्ये चाव्या द्यायच्या आणि भिंत उतरून नदीपलीकडच्या कलादालनात जायची.

अर्जात विसीनं ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, ‘सर्व टाइल्स मूळच्या.’

धादांत खोटं. सात वर्षांपूर्वी बिअरचं पिंप हलवताना तिच्याच हातून तिसऱ्या बाईचा चेहरा फुटला होता. शेजारच्या कुंभाराच्या भट्टीवर जाऊन तिनं नवा रंगवून आणला, बसवला आणि तोंडाला कुलूप घातलं. काकांनाच तेवढं ठाऊक, कारण तुकडे त्यांनीच वेचले होते. आजोबांच्या भिंतीला नातीनं ठिगळ लावलं, हे कागदावर लिहायला तिचा हात धजेना. त्रियानाची माणसं अशीच. जीव देतील, पण घरच्या मातीकामात खोट आहे म्हणणार नाहीत.

किरोगानं तास-दीड तास घेतला. मापं घेतली, फोटो काढले, भिंग लावून एकेक बाई पाहिली. काका खांबासारखे उभे. वय चौऱ्याऐंशी, आणि उजवा गुडघा गेल्या हिवाळ्यातच कापून नीट केलेला.

“काका, जरा सरकता? तेवढाच कोपरा राहिलाय.”

“सरकू? चर्चमधल्या संताला सांगून बघा आधी. तो सरकला की मी सरकतो.”

किरोगा हसला. “राहू द्या. उरलेल्या भिंतीवरून अंदाज येतोच. चला, निघतो मी.”

विसीचा जीव भांड्यात पडला. आणि इथंच घात झाला. तिच्या वडिलांच्या वेळेपासूनचा शिरस्ता होता, पाहुण्यासमोर रिकामी बशी दिसली की ती भरायची, मग आभाळ कोसळलं तरी चालेल. हात आपसूक पुढे गेला आणि गरम क्रोकेता, म्हणजे तळलेले खुसखुशीत गोळे, किरोगापुढे आल्या.

“अशी बशी टाकून कसे जाल, साहेब? माझे वडील वरून शिव्या घालतील.”

बोलली आणि तिनं जीभ चावली. किरोगा बसलाच. क्रोकेता संपल्या, किरोगा पुन्हा उठला, आणि तिचा मेला हात पुन्हा पुढे गेला. आता तळलेली मासळी. काकांनी पलीकडून असे डोळे वटारले, की दुसरी कुणी असती तर पळून गेली असती.

शेवटी किरोगानं पेन काढलं. अर्ज पसरला, शेऱ्याचा रकाना शोधला. आनंदाच्या भरात विसीनं पालक-चण्याची बशी ठेवली. किरोगानं वास घेतला, पेन खाली ठेवलं आणि चमचा उचलला.

“माझी आई असंच करायची,” तो म्हणाला, आणि एकेक चणा चवीनं खाऊ लागला.

विसीनं काकांकडे पाहिलं. चेहरा पांढराफटक. पेल्यातली शेरी हिंदकळून मनगटावरून ओघळत होती. गुडघा थडथड उडत होता. त्यांनी हलकेच मान हलवली, नको म्हणून.

दोन मिनिटं, ती मनात म्हणाली. दोनच मिनिटं, बशी संपू दे, सही होऊ दे. स्वतःची लाज वाटली तिला, तरी ती हलली नाही. मग काकांची पाठ भिंतीवरून वीतभर खाली घसरली, आणि तिनं खुर्ची उचलली.

“बसा.”

“नको गं पोरी.”

“बसा म्हणते ना. मुकाट्यानं.”

काका बसले. त्यांच्या डोक्यावर तिसरी बाई लखलखत होती. बाकीच्या अकरांवर शंभर वर्षांच्या तळणाचा धूर बसलेला, आणि ही कालच न्हाऊन आल्यासारखी.

किरोगा चमचा हातात घेऊनच जवळ आला. “ही कुणी केली?”

“मी.”

त्यानं बोटानं टाइलची कड चाचपली. “अर्जात लिहिलं असतंत तर एका ओळीत भागलं असतं, बाई. डागडुजी केली म्हणून कुणाची भिंत नापास होत नाही. पण खोट्या अर्जावर मला सही करता येत नाही.”

“नवीन अर्ज करते.”

“त्याला आठ महिने लागतात.” जून तीन महिन्यांवर होता, हे दोघांनाही माहीत होतं. “कलादालनवाले अकरा बाया घेतील. ही नाही घेणार.”

त्यानं अर्ज घडी करून पिशवीत टाकला आणि तो गेला. बशीत अर्धे चणे तसेच राहिले. विसी त्या बशीकडे बघत राहिली. रडू येत होतं आणि स्वतःचाच संतापही.

“मी पडलो असतो तर पडलो असतो,” काका कुरकुरले. “तुला गप्प बसायला काय झालं होतं?”

“पडला असतात, तर या भिंतीचं काय लोणचं घालायचं होतं मी?”

काकांनी खुर्ची फिरवली. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच ते भिंतीकडे तोंड करून होते.

“विसी, तुझी ही हसतेय गं. बाकी सगळ्या सुतकी तोंडाच्या.”

“मी तर रडत रडत रंगवली होती.”

“असू दे. ही आपली राहिली.” त्यांनी गुडघा चोळला. “जिथं कुठं लावशील, तिथं खाली खुर्ची नको ठेवूस. मी उभा राहणार.”

विसीनं डोळे पुसले आणि त्यांच्यासाठी बशी भरायला ती आत गेली.