कागदावरची विश्रांती

बस डेपोत तिला सगळे ‘वेळापत्रकवाल्या बाई’ म्हणत. दीडशे गाड्या, तीनशे ड्रायव्हर आणि त्या सगळ्यांचं जेवण, डुलकी, लघवी हे सारं नऊ वर्षं तिच्या पेन्सिलीच्या टोकावर चाललं होतं. त्यामुळे मुलगी झाली तेव्हा तिला जे येत होतं तेच तिने केलं. मोठा कागद घेतला आणि रेघा मारल्या.

रकाने भरायला माल भरपूर होता. डॉक्टर म्हणाले होते, रोज अर्धा तास चाला. आहारवाल्या मॅडम म्हणाल्या होत्या, पाच वेळा खा आणि पाणी विसरू नका. सासूबाईंचं मत होतं की चालणारी बाळंतीण त्यांनी उभ्या जन्मात पाहिली नाही, पडून राहावं. आणि मनावर ताण घ्यायचा नाही हे तर प्रत्येकाने जाता जाता सांगितलं होतं. त्याला तिने संध्याकाळी पावणेसहा ते सहा दिले.

पाजणं दर तीन तासांनी. सहा, नऊ, बारा, तीन.

नवऱ्याने कागद प्लॅस्टिकमध्ये मढवून फ्रिजवर लावला. “पहिल्यांदाच आपलं घर सरकारी वाटतंय,” तो म्हणाला. त्याने ते कौतुकानेच म्हटलं होतं.

गाडं अडलं होतं ते वजनापाशी. दोन महिन्यांच्या मुलीचा काटा पंधरा दिवस जागचा हलला नव्हता. शनिवारपर्यंत हलला नाही तर डब्याचं दूध सुरू करावं लागेल, असं दवाखान्यातल्या नर्सबाईंनी बजावलं होतं. तिला मात्र अंगावरचंच पाजायचं होतं. मुलीला कपडे घालायला, न्हाऊ घालायला, खेळवायला घरात सगळेच पुढे होते. एवढं एकच काम असं होतं, की त्यात कुणाला सल्ल्यापलीकडे हात घालता येत नव्हता.

मुलगी सव्वाआठला रडायला लागे.

“अगं, भूक लागली असेल तिला,” सासूबाई म्हणत.

“भूक नऊला आहे, आई.”

“तिला घड्याळ कळतं होय?”

“सवय लागेल. ड्रायव्हर लोकांनाही लागली.”

मग पाऊण तास मुलीला खांद्यावर टाकून ती घरभर फिरे आणि चालण्याच्या रकान्यात खूण करे. साडेनऊची विश्रांती होती, पण कधी नणंद मुलीला बघायला यायची, कधी धुणं वाळत घालायचं राहिलेलं असायचं. अशा वेळी काय करायचं हे तिला पाठ होतं. डेपोत वेळ कमी पडला की विश्रांती कापायची. बाकी काहीही कापलं तरी कुणीतरी ओरडतं. अंडी ती उभ्याने, एका हाताने सोलून खायची. पाणी रात्री एकदम आठवायचं.

मिशीवाले काका नावाचे एक जुने ड्रायव्हर एकदा तिच्या खिडकीशी आले होते. “बाई, ही दुपारची वीस मिनिटं विश्रांती दिसतेय. पण गाडीच पोचते पंचवीस मिनिटं उशिरा. मग ती घेऊ कुठे?”

“कागदावर आहे ना, काका? म्हणजे दिलेली आहे.”

काकांनी आभार मानले आणि ते गाडीवर गेले. हे तिला हल्ली अंडं सोलताना आठवे.

शनिवारी काटा हलला. चाळीस ग्रॅम खाली.

“दूध येत नाही का पुरेसं?” नर्सबाईंनी विचारलं.

“सगळं वेळेवर चाललंय,” नवरा म्हणाला आणि त्याने पिशवीतून मढवलेला कागद काढला. तो फ्रिजवरून खास काढून आणला होता.

नर्सबाईंनी चष्मा लावून तो वाचला. “अक्षर सुरेख आहे हो. पण यात तिची वेळ कुठली?”

“ही काय. सहा, नऊ, बारा…”

“ती तुमची झाली. पोर मागेल तेव्हा घ्यायचं, बाई. ते जेवढं ओढतं तेवढं दूध तयार होतं. तिला थांबवलंत, तसं तेही थांबलं. शिवाय तुमच्या पोटात धड काही नाही, झोप नाही.” त्यांनी कागद परत दिला. “आता मागेल तेव्हा आधी पदराखाली घ्या. पण वरचंही आजपासून द्यावंच लागेल. पोरगी उपाशी ठेवून चालणार नाही.”

पुढचे तीन आठवडे तिने घड्याळ उलटं करून ठेवलं. पोटभर जेवली, पाणी प्यायली, मुलगी कुरकुर करायच्या आत तिला उचलून घेतलं. मुलीने चार-दोनदा ओढून पाहिलं, मग तोंड फिरवून बाटलीच्या दिशेने रडली. बाटलीला वाट पाहायला लावायची सवय नव्हती.

मुलगी अंगाने भरली. घर खूश झालं. बाटली सासूबाईंना देता येत होती, नवऱ्याला येत होती, नणंदेला तर दोघांपेक्षा बरी.

एके दिवशी सकाळी मुलगी रडली. ती धडपडून उठली, बटणं काढू लागली. स्वयंपाकघरात सासूबाईंची बाटली हलवून झालीसुद्धा होती.

“तू पड गं,” फ्रिजवर परत लावलेल्या कागदाकडे बघत त्या मायेने म्हणाल्या. “साडेनऊ झालेत. तुझी विश्रांती आहे.”

तिने बटणं लावली आणि पडली. छातीपाशी झगा कोरडाच होता.