तीन वर्षांचा खडू

छापखान्यात तिला सगळे चाळणीबाई म्हणत. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. बावीस वर्षं ती प्रुफं तपासत आली होती आणि लेखकमंडळी तिला टरकून असत. एका कादंबरीकाराने दुसऱ्या प्रकरणात डाव्या पायाने लंगडणारा नायक सातव्या प्रकरणात उजव्या पायाने लंगडवला, तेव्हा तिने थेट फोन करून विचारलं होतं, "मधे पाय बदलला का हो त्यांनी?" त्या गृहस्थांनी पुढचं पुस्तक दुसरीकडे दिलं. तिला त्याचं काडीचं वाईट वाटलं नाही.

त्या दिवशी सकाळी संपादकबाईंनी तिच्या टेबलावर गठ्ठा आणून आदळला. अठरा बायकांनी आपापल्या आईविषयी लिहिलेले अठरा लेख. पाच वाजता छपाईला जायचे होते.

"अकरावा जरा नीट बघ," संपादकबाई म्हणाल्या. "दातांच्या डॉक्टरीणबाईंचा आहे. लिहिलाय सुरेख, पण स्वतःच्या आईवर नाहीच तो. लहानपणी शेजारी कुणी टेलरीण होती, तिच्यावर आहे. ठेवायचा की काढायचा ते तू ठरव. तुला कुणाची भीडभाड नसते."

तशी तिला नव्हतीच. दुपारपर्यंत तिने दहा आया लाल शाईने सरळ केल्या. मारणाऱ्या आया, रुसणाऱ्या आया, मुलीची पत्रं चोरून वाचणारी एक आई, मरताना सुनेचं नाव घेणारी एक आई. डोळ्याला पाणी म्हणून आलं नाही. लोकांच्या आया वाचताना येत नाहीच. मग तिने अकरावा लेख पुढ्यात ओढला.

लेखाचं पहिलंच वाक्य होतं, 'जिन्याखालच्या दुकानात बसणारी टेलरमावशी, ती माझी आईच होती.'

तिने नाक मुरडलं आणि पुढे वाचू लागली. जिन्याखालचं दुकान. हिरवा दरवाजा, खालून पोपडे आलेला. डाव्या बाहीला ओळीने टोचलेल्या टाचण्या. आणि मग ते वाक्य, जे तिने जन्मभर ऐकलं होतं: 'कापडाला ओढू नको गं, त्याला त्याच्या मनाने येऊ दे.'

 ही तिचीच आई होती. सध्या दहा मिनिटांवरच्या घरात खिडकीशी बसून कुणाची तरी पॅन्ट उसवत असलेली, अठ्ठ्याहत्तर वर्षांची, गुडघ्यांना आणि जगाला शिव्या घालणारी तिची आई. आणि कोण ही बया, तिला आपली म्हणणारी?

तिने परत पहिल्यापासून वाचलं. डॉक्टरीणबाईंची स्वतःची आई दिवसभर कारखान्यात असायची, घराला कुलूप असायचं. म्हणून अकरा वर्षांची ही पोर शाळा सुटली की टेलरमावशीच्या दुकानात येऊन बसायची. मशीनशेजारच्या स्टुलावर. तीन वर्षं, रोज.

कोणती तीन वर्षं, ते तिला विचारायची गरज नव्हती. बाप वारल्यावर, ती अकरा वर्षांची असताना, आईने तिला मामाच्या गावी धाडून दिलं होतं. तिथली शाळा चांगली म्हणून. चौदाव्या वर्षी परत आणलं. त्या तीन वर्षांत ती मामाच्या माजघरात उशीत तोंड खुपसून रडत होती, आणि इकडे तिच्या आईच्या शेजारी स्टुलावर ही बसली होती. बसू दे. पण नुसती बसली नव्हती. 'मावशीने मला काज करायला शिकवलं. पहिली सात काजं वाकडी झाली, तेव्हा ती खळखळून हसली आणि स्वतः उसवून दिली.' हसली? 'शिवताना ती सारखं काहीतरी गुणगुणायची.' गुणगुणायची?

गुणगुणणारी आई तिला माहीतच नव्हती. तिच्या वाट्याला आलेली आई "हात लावू नकोस" म्हणायची. कात्रीला हात लावू नकोस, मशीनला लावू नकोस, सुईला तर नाहीच नाही. एकदा तिने चिंधीवर टाके घालून पाहिले तर पाठीत धपाटा बसला होता. बावन्न वर्षांच्या बाईने अकरा वर्षांच्या मुलीवर जळू नये, हे तिला कळत होतं. तरी ती जळत होती, चांगली धडधडून.

आणि मग फ्रॉक आले.

'मावशी माझ्या अंगावर फ्रॉक बेतायची. निळा, पांढऱ्या कॉलरचा. पिवळा, खिशांवर फुलं काढलेला. मला वाटायचं, माझ्यासाठीच आहे. मी वाट बघायचे. मग एक दिवस तो खुंटीवरून नाहीसा व्हायचा. तीन वर्षांत असे सहा फ्रॉक गेले. कोणासाठी, ते विचारायचा मला धीर झाला नाही. पण त्या मुलीचा, जी कोणी असेल तिचा, मी मनापासून द्वेष केला.'

निळा, पांढऱ्या कॉलरचा फ्रॉक पार्सलाने मामाच्या घरी आला होता. खांदे इंचभर खाली लोंबत होते. मामाच्या मुली पोट धरधरून हसल्या होत्या, "टेलरची पोर आणि खांदे बघा!" तिने तेव्हाच मनाशी ठरवून टाकलं होतं, की आईने कुणा गिऱ्हाइकाचा नको झालेला फ्रॉक आपल्याकडे ढकलला. आज कळलं, ते खांदे या बाईचे होते. अंगावर आलेला एकूण एक फ्रॉक आधी हिच्या अंगावर चढून आला होता. आणि द्वेष कोण करतंय? तर हीच! स्टूल हिचं, काजं हिची, गाणं हिचं, आणि वर द्वेषही हिनेच करायचा!

तिने लाल पेन उचललं. चूक सापडली असती तर तिला बरं वाटलं असतं. आणि देवाने दिल्यासारखी तिसऱ्या पानावर सापडली. 'मावशी पांढऱ्या खडूने कापडावर रेघ मारायची आणि मग तो खडू मला धरायला द्यायची.'

साफ खोटं. आई खडू वापरतच नव्हती. ती वापरायची साबण. अंगाचा साबण झिजून पातळ चिपटी उरली, की ती खिडकीत कडकडीत वाळवायची, पायरीवर घासून तिला धार आणायची, आणि त्या धारेने रेघ मारायची. धुतली की रेघ जाते, कापडावर डाग राहत नाही. आणि चिपट्या वाळवायचं आणि घासायचं काम तिचं होतं, सहाव्या वर्षापासून. शिवणातलं तेवढं एकच काम तिला करू दिलं जायचं, त्यामुळे ते ती असं करायची, की धारेने बोट कापावं.

तिने 'खडू' वर आडवी लाल रेघ ओढली आणि समासात ठसठशीत लिहिलं, 'साबण'. मग पेन्सिल घेतली आणि लेखाच्या डोक्यावर लिहिलं, 'पुस्तकाच्या विषयात बसत नाही. वगळावा.' नियमाला धरूनच होतं. कुणी बोट ठेवलं नसतं.

डबा मात्र उघडवेना. दोन वाजता ती उठली आणि घरी गेली. आईने नुसतं "कोण गं ती?" एवढं जरी विचारलं असतं, तरी तिचं काम झालं असतं.

आई खिडकीशीच होती, मांडीवर पॅन्ट.

"आत्ता कशी? बरं नाही का?"

"तुझ्या दुकानात एक मुलगी येऊन बसायची. मी मामाकडे असताना."

आईचा हात थांबला आणि चेहरा असा फुलला, की तिला तो बघवेना.

"दाताळी! अगं, केवढे दात होते तिचे पुढे! कुठे भेटली तुला?"

"भेटली नाही. लेख लिहिलाय तिने तुझ्यावर. आता दातांची डॉक्टर आहे."

हे ऐकून आई हसायला लागली ती थांबेचना. चष्मा काढून तिने पदराने डोळे पुसले. "दाताळी दातांची डॉक्टर! बरं झालं बाई. काय हात होता तिचा! काज असं करायची, की उलटं कुठलं सुलटं कुठलं कळू नये. घेऊन ये ना तिला एकदा."

"मला नाही कधी काज शिकवलंस."

"तुला कशाला?"

"मग तिला कशाला?"

"ती काय, दुसऱ्याची पोर. चुकली की हसायचं नि उसवायचं. तू नुसती सुई धरलीस, तरी माझ्या डोक्यात जायचं. वाटायचं, झालं, हीपण माझ्यासारखी जिन्याखाली बसणार. मग हात उठायचा माझा. विसरलीस?"

"नाही विसरले."

"तेच सांगतेय. दुसऱ्याच्या पोरीशी गोड वागायला काय जातं?"

तिने फ्रॉकचा विषय काढला. "माझे फ्रॉक तिच्या अंगावर बेतायचीस."

"मग काय भिंतीवर बेतू? तुझं माप कुठे होतं माझ्याजवळ? ती तुझ्याएवढीच, पण खांद्यात रुंद. मी अंदाजाने अर्धा इंच कमी धरायची."

"इंचभर लोंबायचे."

"सांगितलं नाहीस कधी."

"विचारलं नाहीस कधी."

 आईने पुन्हा पॅन्ट ओढून घेतली. ती उठली, चपला घातल्या आणि दारातून निघता निघता तिला राहवलं नाही. मत्सर माणसाला किती बारीक करतो ते बघा. बावन्न वर्षांची बाई आईकडे चहाडी करायला मागे वळली.

"आणि चुका पण केल्यात तुझ्या दाताळीने. म्हणे, मावशी खडूने रेघ मारायची. मी दुरुस्त केलं. साबण लिहिलं."

आईने दाताने दोरा तोडला. "खडूच होता."

"काहीतरीच काय! तू कायम साबणच वापरायचीस."

"तू होतीस तोवर. तू गेल्यावर कोण वाळवणार नि कोण घासणार? तीन वर्षं खडूच आणला. मेली ती पूड! शिंकून शिंकून जीव जायचा. गिऱ्हाइकं भांडायची, रेघ जात नाही म्हणून."

"पोरगी बसलेली होती ना शेजारी? तिला सांगायचं."

आईने चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं, अगदी अडाणी माणसाकडे पाहावं तसं.

"तिला कसं सांगणार? ते काम तुझं होतं," आई म्हणाली आणि सुईत दुसरा दोरा ओवू लागली. "दार ओढून घे जाताना."

छापखान्यात परतेपर्यंत साडेतीन वाजले. रस्त्यात ती दोनदा चुकीच्या वळणावर वळली होती. टेबलाशी बसून तिने तिसरं पान काढलं. प्रुफं तपासणाऱ्यांची एक रीत असते. खोडलेला शब्द मुळात बरोबरच होता असं नंतर ध्यानात आलं, तर त्याच्याखाली टिंबं द्यायची आणि समासात लिहायचं, 'राहू द्या'. ही खूण म्हणजे आपली चूक आपल्याच हाताने कबूल करणं. बावीस वर्षांत तिने ती फार तर चार वेळा केली असेल, तीही दात ओठ खात.

तिने समासातला 'साबण' खोडला. 'खडू' खाली एकेक करून टिंबं दिली आणि लिहिलं, 'राहू द्या'.  पुस्तक हजार लोक वाचतील, त्या शब्दावरून त्यांची नजर सरळ निघून जाईल. डॉक्टरीणबाईंनासुद्धा ठाऊक नव्हतं, की आपण तीन वर्षं काय हातात धरून बसलो होतो. रडू आलं तर प्रुफं भिजतील, म्हणून तिने आधी गठ्ठा बाजूला सरकवला.

नंतर खोडरबर घेऊन तिने लेखाच्या डोक्यावरची पेन्सिलीची ओळ पुसून टाकली.

म्हणून जळणं संपलं म्हणता? छे! काजं अजून त्या बाईचीच होती, आणि ते गुणगुणणंही. आई काय गुणगुणायची, तेसुद्धा बयेने लिहिलं नव्हतं. पाचला पाच मिनिटं असताना गठ्ठा न्यायला संपादकबाई आल्या, तेव्हा तिने "एक मिनिट" म्हणून अकराव्या लेखाचं पहिलं पान परत उघडलं. पहिल्या वाक्यात लाल खूण केली आणि समासात एक शब्द लिहिला. आता ते वाक्य झालं, 'जिन्याखालच्या दुकानात बसणारी टेलरमावशी, ती जणू माझी आईच होती.'

संपादकबाईंनी वाकून पाहिलं. "हे लेखिकेला विचारलंस का?"

"त्यात विचारायचं काय?" ती म्हणाली आणि लाल पेनाला टोपण लावलं. "माहितीची चूक होती."