रेवतीच्या लेकीचा बाप्तिस्मा

राजधानीतल्या द्वारका भागात, एका सोसायटीच्या हॉलमध्ये आमची मराठी उपासना सुरू होऊन वर्ष झालं होतं आणि त्या रविवारी पहिला बाप्तिस्मा होता, आमच्यातल्या रेवतीच्या लेकीचा! पाळक म्हणून तो मला द्यायचा होता.

माझे सहकारी पाळक चैतन्य उजगरे यांना मात्र हे पटत नव्हतं. "उल्काताई, पाच महिन्यांच्या बाळाला काय कळतं? विश्वास ज्याचा त्याने कबूल करायचा," ते म्हणायचे. ते स्वतः एकोणिसाव्या वर्षी बाप्तिस्मा घ्यायला अख्ख्या गावासमोर नदीत उतरले होते. मी नगरच्या अँग्लिकन घरातली. झगा, प्रार्थनापुस्तक, ठरलेले शब्द. आमच्या चर्चमध्ये बाळपणीचा आणि मोठेपणीचा, दोन्ही बाप्तिस्मे चालतात, त्यामुळे वाद कधी मिटतच नाही.

उपासनेत मी रेवतीकडून बाळाला घ्यायला हात पुढे केले, तेवढ्यात रेवतीचा नवरा अंशुमन उभा राहिला. तो हिंदू, केंद्राच्या एका मंत्रालयात अधिकारी.

"सॉरी मॅडम, पण तिला न विचारता का? मोठी होऊन तिलाच ठरवू दे ना!"

रेवतीचा चेहरा पडला. सगळा हॉल माझ्याकडे बघायला लागला. पुस्तकात याचं उत्तर नव्हतं, आणि पाळक झाल्यापासूनच्या बारा वर्षांत उपासनेत मी पुस्तकाबाहेरचं काही बोललेच नव्हते.

"लहानपणी मी बोलताना अडखळायचे," मी एकदम म्हणाले. "एक वाक्य धड पुरं व्हायचं नाही. पण चर्चमध्ये सगळ्यांबरोबर ठरलेली प्रार्थना म्हणताना कधीच अडखळले नाही. ते शब्द मी निवडले नव्हते, माझ्यासाठी कुणीतरी ते आधीच ठेवले होते. म्हणून मला वाटतं, देव आधी देतो, आपण नंतर हो म्हणतो. तुमची लेक पुढे नाही म्हणाली, तर तेही आपण ऐकू."

माझा आवाज हॉलभर घुमला होता. माझाच!

चैतन्य उठले. त्यांचे डोळे चमकत होते. "आणि मी पक्का बंडखोर! कुणी हातात दिलेलं मला चालायचंच नाही. स्वतः हो म्हटलं तेव्हाच देव खरा वाटला. ताई, एवढी वर्षं आपण शास्त्रावरून भांडतोय, आणि निम्मा वाद तर आपल्या स्वभावांचाच आहे!" मग ते अंशुमनकडे वळले. "माझं मत बदललेलं नाही हं. ती मोठी झाली की तिचं मत विचारायला मी स्वतः येईन."

अंशुमन हसला. "मग चालेल. बिल्कुल चालेल." आणि त्यानेच बाळाला माझ्या हातात दिलं.

"अक्षया," मी नाव घेतलं. कपाळावर पाणी पडताच तिने असा टाहो फोडला की रेवती रडता रडता हसायला लागली. माझी प्रार्थना संपायच्या आधीच चैतन्यनी टाळ्या वाजवत गाणं सुरू केलं. एरवी मी चिडले असते. त्या दिवशी मीही टाळ्या वाजवल्या.

परतताना मेट्रोत चैतन्य आणि मी इतक्या हिरिरीने वाद घालत होतो की उतरायचं स्टेशन कधी मागे गेलं, कळलंच नाही.