मागची डावी सीट

हितेंद्रने गाडीचं दार उघडलं, तर आत एरंडेलाचा वास कोंडलेला. बदामी रंगाच्या चामडी सीटा तेलाने चपचपल्या होत्या. मागे त्याचे वडील, सुकदेव आबा, हातात चिंधी आणि तेलाची बाटली घेऊन उभे. चेहऱ्यावर काम फत्ते केल्याचं समाधान.

"आबा, हाई काय करं?"

"आज पोया शे ना भाऊ. चामडाले तेल लागस, नहीतर उन्हामा तडकस."

दर पोळ्याला आबा बैलांचे चामडी घुंगरपट्टे असंच एरंडेल चोळून मऊ करत. आता बैल गेले, गोठा उरला, आणि गोठ्यात हितेंद्रची गाडी उभी असते.

हितेंद्रचं डोकंच फिरलं. दुपारी बायकोला, दिपमालाला, शिंदखेड्याला माहेरी न्यायचं होतं. ती नवी साडी नेसून या तेलावर बसणार?

"तुमले कोनी सांगं व्हतं?" तो ओरडला.

आबांचं तोंड एवढंसं झालं. ते गव्हाणीपाशी जाऊन बसले.

धुसफुसत हितेंद्र सीटा पुसू लागला. या सीटांना तो फार जपे. शेतातल्या कपड्यांनी कुणाला बसू देत नसे, कारण केळीच्या चिकाचा डाग एकदा पडला की जन्मात निघत नाही. तरी वापराच्या खुणा पडायच्या त्या पडल्याच होत्या. त्याच्या स्वतःच्या सीटवर घड्या. शेजारी दिपमालाच्या बांगडीचा ओरखडा. मागे उजवीकडे पोरांनी बुटांनी केलेला उद्योग.

मागच्या डाव्या सीटवर मात्र एक घडी नव्हती. शोरूममधून आणली तशीच होती ती.

त्याचा हात थांबला. गाडी आणली त्या दिवशी तोच म्हणाला होता, "आबा, ही तुमची जागा." आणि दुसऱ्याच दिवशी केळीच्या बागेतून आलेल्या आबांनी दाराला हात लावला, तेव्हा "आधी कपडे बदला" म्हणालाही तोच. त्यानंतर कुठेही जायचं निघालं की आबा म्हणत, तुम्ही व्हा पुढे, मी एस्टीने येतो. म्हाताऱ्याला एस्टीच आवडते, असं त्याने खुशाल धरून ठेवलं होतं. आता त्याला स्वतःची लाज वाटली.

"आबा, इकडे या. बसा."

"कपडासले चीक शे."

"राहू द्या. बसा तुम्ही."

आबा आधी कडेवर टेकले. मग हळूहळू मागे रेलले. हितेंद्रने पुढे बसून किल्ली लावली.

"कोठे जाऊत? बागकडे चक्कर मारूत?"

आबांनी सीटवर थोपटलं, बैलाच्या पाठीवर थोपटत तसं.

"नको. आज पोया शे. आज बैलले जुपतस नही."

हितेंद्रने किल्ली काढून घेतली. दोघं गोठ्यात तसेच बसून राहिले.

नवी साडी नेसून दिपमाला दारात आली.

"निघायचं ना?"

"उद्या जाऊ," हितेंद्र म्हणाला. "आज आबा गाडीत बसलेत."