व्याह्यांचा स्वेटर

नातीनं सशांची नावं ठेवली तेव्हा तरी सगळं बरोबरीचं होतं. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या आजोबांच्या नावानं एक, टिकटिक. जन्मभर बस चालवून घरी बसलेल्या आईच्या वडिलांच्या नावानं दुसरा, पोंपों. दोघे एकाच वेताचे सख्खे भाऊ. मग घड्याळजींच्या मुलाची बदली झाली, नव्या घरमालकाला जनावरं चालेनात, आणि नात ससे आजोबांच्या ओटीत टाकून गेली. "सुट्टीत येईपर्यंत नीट सांभाळा हं," तिनं बजावलं. घड्याळजींची छाती फुगली. तिनं निवडलं होतं ते त्यांना, व्याह्यांना नाही.

पण व्याही रोज सकाळी गाजराचा पाला घेऊन हजर. जिन्यातूनच तोंडानं हॉर्न वाजवायचे, की दोन्ही ससे खुर्च्यांखालून सुसाट निघायचे. टिकटिकसुद्धा! लेंड्या काढायच्या घड्याळजींनी, पाणी बदलायचं घड्याळजींनी. त्यांच्या हातचं ससे खायचे, पण पाहुण्यासारखे. खाल्लं की निघाले.

"तुमच्या हाताला मशीनच्या तेलाचा वास येतो हो, व्याही," व्याही एकदा हसत म्हणाले.

'आणि तुमच्या हाताला डिझेलचा नाही का येत?' हे घड्याळजींना सुचलं, पण व्याही खाली रस्त्यावर पोचल्यावर.

एके दिवशी व्याही खाकी स्वेटर खुर्चीवर विसरले. सशांनी तो ओढून त्याचं अंथरूण केलं. "राहू द्या, पोरांना ऊब," व्याही म्हणाले. पोरं! जशी काही यांनीच पोसलीत.

थंडी सुरू झाली आणि पोरं वयात आली. एक दुसऱ्याच्या पाठीवर चढे, दुसरा उलटून चावे, आणि खोलीभर केसांचे पुंजके उडत. एका सकाळी टिकटिकनं उडी मारून गिऱ्हाइकाच्या उघड्या घड्याळावर बरोबर नेम धरून धार सोडली. चाकं पुसता पुसता घड्याळजींनी दवाखाना गाठायचं ठरवलं.

"दोघांची नसबंदी करून टाकू," जनावरांची डॉक्टरीण म्हणाली. "एकाच दिवशी, एकाच टोपलीतून आणा. उपाशी अजिबात ठेवू नका, आजोबा. सशाचं पोट रिकामं राहिलं की बंद पडतं, आणि मग जिवावर बेततं. घरी गेल्यावरही संध्याकाळपर्यंत खायलाच हवं. आणि टोपलीत त्यांच्या सवयीच्या वासाचं काहीतरी घाला. दवाखान्याचा वास लागला की भाऊ भावाला ओळखत नाही."

घरी बायकोनं विचारलं, "व्याह्यांना कळवलंत?"

"कळवायचं काय त्यात? लग्न आहे का सशांचं?"

"उलटंच आहे," बायको म्हणाली.

घड्याळजींनी कळवलं नाही. उलट व्याह्यांना फोन करून, उद्या आम्ही बाहेर आहोत, येऊ नका, असं सांगितलं. मग खाकी स्वेटर साबणात घालून खसखसून धुतला, दोरीवर टाकला, आणि कपाटातून आपली ठेवणीतली शाल काढून टोपलीत अंथरली. शुद्धीवर आल्यावर सशांना पहिला वास कुणाचा यावा, तर आपला.

ऑपरेशन छान झालं. पण शालीला कुणाचाच वास नव्हता, होता तो डांबराच्या गोळ्यांचा. घरी आल्यावर दोघे भाऊ दोन कोपऱ्यांत पाठ फिरवून बसले. पोंपों हुंगायला गेला तर टिकटिक त्याच्या अंगावर धावला. गवत, पाला, सगळं तसंच पडून. दुपार कलली. घड्याळजी गुडघ्यांवर बसून पान पुढं करत होते, आणि टिकटिक त्यांच्या बोटांपासून तोंड फिरवत होता. सुट्टीत नात दारातून आत येईल, दोन नावांनी हाक मारेल, आणि आपण काय सांगणार?

त्यांनी डॉक्टरणीला फोन लावला.

"नेहमीचं अंथरूण घातलं होतंत ना?"

"ते... धुतलं."

"कधी?"

"काल."

"आजोबा, नेमकं काल कशाला?"

याचं उत्तर घड्याळजींकडे होतं, पण ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं.

"दिवेलागणीपर्यंत वाट बघा. नाहीच खाल्लं तर परत घेऊन या," ती म्हणाली.

बायको कमरेवर हात ठेवून उभी होती. "आता तिकडे तुम्ही फोन करता, की मी करू?"

त्यांनीच केला. "व्याही, जरा येता का?"

"तुम्ही तर बाहेर होतात आज!"

"होतो. सशांना घेऊन दवाखान्यात."

"आलोच."

या वेळी जिन्यात हॉर्न वाजला नाही. व्याही आत आले, सशांकडे पाहिलं, मग दोरीवरच्या ओल्या स्वेटरकडे.

"इस्त्रीही करणार होतात का?"

व्याह्यांनी अंगातला स्वेटर काढला आणि पुढं केला. "घाला."

"मी?"

"मग काय! मी जाईन घरी जेवायला. यांच्याजवळ राहणार कोण, तुम्हीच ना?"

बाह्या बोटांच्याही पुढं लोंबत होत्या. घामाचा, चिरलेल्या पाल्याचा, त्या माणसाचा वास नाकात शिरला, आणि घड्याळजी दात आवळून जमिनीवर बसले. बराच वेळ काही घडलं नाही. मग पोंपों आला. मग टिकटिक. त्यानं बाहीत तोंड खुपसलं, हुंगलं, आणि घड्याळजींच्या बोटांतलं पान कुरतडायला लागला. पोंपोंनं दुसरं टोक धरलं. खाऊन झाल्यावर दोघे अंगाला अंग लावून त्यांच्या मांडीत पसरले. टिकटिक कधीच असा बसला नव्हता. आणि बसला तो कुणाच्या जिवावर, हे घड्याळजींना पुरतं ठाऊक होतं. तरी त्यांनी मांडी हलवली नाही.

"खातायत की," व्याही म्हणाले. आवाज जरा पडला होता. घड्याळजींनी वर पाहिलं. व्याही पातळ सदऱ्यात आखडून बसले होते आणि त्या मांडीकडे टक लावून बघत होते. ती नजर घड्याळजींच्या चांगल्या ओळखीची होती; रोज सकाळी ती त्यांच्या स्वतःच्या चेहऱ्यावर असायची.

थोड्या वेळानं व्याही खाकरले. "गार पडलंय हो. द्या आता स्वेटर, निघतो."

"हळू बोला," घड्याळजी कुजबुजले. "पोरं झोपलीत."

आणि बायकोला म्हणाले, "अगं, व्याह्यांना ती माझी शाल दे."