दोन वर्षांचा अनुभव

आत्याने मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला, चष्मा पुसला आणि भाच्याला स्वयंपाकघराबाहेर काढलं.

"दाराला कान लावलास तर फोन बंद करीन."

"आत्या, फक्त दोन वर्षं म्हण. दोनच. बाकी काही बोलूच नकोस."

"जा."

जाता जाताही त्याने दोन बोटं वर करून दाखवली. बाहेरच्या खोलीत वहिनी, म्हणजे या दिवट्याची आई, जीव मुठीत धरून बसली होती. आत्याने दार लावून घेतलं.

भाचा परदेशात इंग्रजी शिकवायला निघाला होता. हे कळलं तेव्हा तिला आधी हसू आलं होतं आणि मग संताप. त्याने मोबाइलच्या कव्हरांचं दुकान बुडवलं, मग विम्याचा नाद केला, मग वर्षभर घरी बसून विचार केला, आणि त्या विचारातून हे निघालं. तिकडच्या संस्थेला कुठल्याही विषयाची पदवी चालत होती. ती त्याने रडतखडत का होईना मिळवली होती. शिकवण्याचं प्रमाणपत्रही लागायचं. ते शनिवारी सकाळी कॉम्प्युटरसमोर सुरू झालं आणि मधे एक सिनेमा बघून रविवारी संध्याकाळी हातात पडलं. राहता राहिला दोन वर्षांचा अनुभव, आणि तिथे त्याला आत्या आठवली. ती मुख्याध्यापिका होती त्या शाळेत आपण इंग्रजी शिकवलं, असं त्याने अर्जात परस्पर ठोकून दिलं होतं. त्या शाळेत तो जन्मात एकदा आला होता, तिचा विसरलेला डबा द्यायला, आणि तोसुद्धा शिपायाच्या हातात कोंबून पळाला होता.

"तुमच्या एका शब्दाने पोराचं भलं होणार असेल तर तुमचं काय जातं?" वहिनीने विचारलं होतं.

शाळेच्या संस्थाचालकाच्या मुलीला एक गुण वाढवून दिला नाही म्हणून आत्याची बढती कित्येक वर्षं लटकली होती. जाणार होता तो हाच खरेपणा, पण वहिनीला सांगून काय उपयोग? आत्याने वाद घातला नाही. फोन आला की खरं सांगून मोकळं व्हायचं, एवढं तिने ठरवलं होतं. स्वतःच्या बढतीसाठी ती खोटं वागली नाही, आता या ऐतोबासाठी कशाला खोटं बोलेल?

फोन वाजला. पडद्यावर भरती करणारा अधिकारी आला. पोरसवदा चेहरा, कानाला हेडफोन, मागच्या भिंतीवर फुगे रंगवलेले. बोलणं अर्थातच इंग्रजीत झालं, आणि त्याचं पहिलं वाक्य ऐकूनच आत्याने मनातल्या मनात लाल पेन उचललं.

"मॅडम, तुमच्या शाळेत शिकवत होता त्या तरुणाबद्दल जरा बोलायचं होतं."

"तो माझ्या शाळेत कधीच शिकवत नव्हता," आत्या म्हणाली. "तो माझा भाचा आहे. त्याने आयुष्यात एक तासही शिकवलेलं नाही. अर्जात लिहिलंय ते खोटं आहे."

बोलून झाल्यावर तिला अगदी हलकं वाटलं. समोरचं हसू आता मावळेल म्हणून ती वाट बघत राहिली. तिकडे टाइप केल्याचा आवाज आला.

"म्हणजे नवखा," तो म्हणाला. "हरकत नाही. उलट बरंच. आधी शिकवलेले लोक फार वाद घालतात. उत्साही आहे का?"

"कशासाठी?"

"एकूणच."

"जेवायला बसताना असतो."

तो खळखळून हसला. "चेहरा छान हसरा आहे, फोटोत बघितला. गाणी, नाच, मुलांबरोबर उड्या मारणं, एवढं जमलं की झालं."

"आणि व्याकरण?"

"ते पुस्तकात असतं, मॅडम."

आत्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मी आयुष्यभर हाच विषय शिकवला," ती म्हणाली. "ज्यांच्या घरात इंग्रजीचं अक्षर नव्हतं, ती मुलं माझ्या वर्गातून पान पान लिहायला शिकून गेली. तुम्ही ज्याला घेताय, त्याचे रजेचे अर्जसुद्धा मी लिहून दिलेत."

टाइप करणं थांबलं. त्या माणसाने पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं.

"तुमचं इंग्रजी फार सुंदर आहे, मॅडम."

आत्याचा हात केसांकडे गेला. विस्कटलेली एक बट तिने कानामागे सारली.

"जागा किती आहेत तुमच्याकडे?" तिने विचारलं. स्वतःचा तो मऊ झालेला आवाज ऐकून तीच चमकली.

"जागा काय, पुष्कळ आहेत. पण वयाची अट पस्तीसची आहे. पालकांना तरुण चेहरे लागतात."

"मी सहज विचारलं."

"हो, हो. भाच्याला सांगा, मिनिटभराचा व्हिडिओ पाठवायचा राहिलाय. बाकी त्याचं झालं."

पडदा काळा झाला. आत्याने मोबाइल पालथा घातला. तिला त्या पोरसवद्या अधिकाऱ्याची किळस आली, त्याच्या फुग्यांची आली, असल्या शिकवणीला पैसे मोजणाऱ्या तिकडच्या पालकांची आली. सगळ्यांत जास्त आली ती केसांकडे गेलेल्या आपल्या हाताची. तो हात तिने मांडीवर दुसऱ्या हाताखाली दाबून धरला.

तेवढ्यात दार धाडकन उघडलं.

"निवड झाली! आत्ताच मेसेज आला, फक्त व्हिडिओ राहिलाय!" भाच्याने तिला खुर्चीसकट मिठी मारली. मागे वहिनी डोळे पुसत उभी होती.

"वन्सं, तुमचे उपकार फिटायचे नाहीत."

"मी खरं सांगितलं त्यांना," आत्या म्हणाली. "तू एक दिवसही शिकवलेलं नाहीस, अर्ज खोटा आहे, असं स्पष्ट सांगितलं."

मायलेकरांनी एकमेकांकडे पाहिलं आणि दोघंही हसली.

"काय आत्या! खरं सांगितलं असतंस तर घेतलं असतं का त्यांनी?"

"राहू दे रे," वहिनी समजुतीने म्हणाली. "त्यांना नाही आवडत अशा गोष्टींचा बोभाटा."

आत्याजवळ साक्षीला कोण होतं? साखरेचा डबा.

भाचा खुर्ची ओढून तिच्यासमोर बसला. त्याचा चेहरा एकाएकी गंभीर झाला होता.

"आत्या, एक विचारायचं होतं. हे तुझ्याशिवाय मला कोण सांगणार? तू इतकी वर्षं मुलांसमोर उभी राहिलीस."

एवढं सगळं होऊनही आत्या जरा पुढे सरकली. पहिल्या दिवशी आधी बोलायचं नाही, मागच्या बाकावरची कुजबुज थांबेपर्यंत नुसतं उभं राहायचं, तिथून सुरुवात करू, असं तिने ठरवूनही टाकलं.

"विचार."

"व्हिडिओत पांढरा शर्ट घालू की निळा?"

आत्या पुन्हा खुर्चीत मागे टेकली.

"निळा," ती म्हणाली. "मागे पांढरा फळा असेल."

भाचा टुणकन उठला.

"बघ आई, याला म्हणतात अनुभव!"