उस्तादाने फोडायचा पेला

मानवाने वाळू वितळवून काच केली आणि अंधारावर कायमचा विजय मिळवला. एमिल लांबिओच्या स्वयंपाकघरात मात्र या विजयाची खूण म्हणून एक निळा प्लास्टिकचा पेला उरला होता. हात थरथरू लागल्यापासून एमिलच्या हातून घरातले सगळे काचेचे पेले एकेक करून फुटले होते. अमेरिकेतल्या मोनोंगहेला नदीकाठी पिढ्यान्‌पिढ्या काच करणाऱ्या घराण्यातला माणूस प्लास्टिकातून कॉफी पितो, हे कोणाला दिसू नये म्हणून तो आधी पडदे ओढून घेई.

त्याची मुलगी नोरीन विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत नव्या काचेची भट्टी सांभाळी. नेहमीच्या काचेतले, तापल्यावर कर्बवायू सोडणारे चुनखडी आणि सोडा या काचेत नव्हते. ती कमी आचेवर वितळे, आणि सहजी तडकत नसे.

"कमी आचेवर होते ती काच नव्हे, जेली," एमिल म्हणे.

शनिवारी तो पडदे ओढून कॉफी पीत असताना नोरीनने त्याच्यापुढे कागदात गुंडाळलेला पेला ठेवला. पाळी संपताना भट्टीत उरलेल्या काचेतून घरासाठी काहीतरी फुंकून न्यायचं, हा गावच्या कारखान्यातला जुना रिवाज. प्रयोगशाळेत चाचणीसाठी काचेच्या चपट्या वड्याच करत. तिने उरलेल्यातून पेला केला होता. तोंडाशी जरा वाकडा.

"फुंकला कोणी?"

"मी."

"ते दिसतंच आहे." त्याने पेला दिव्याच्या उजेडात धरला. "बुडबुडा नाही एकही," तो तक्रारीच्या सुरात म्हणाला. "ठीक. आता फोडतो."

"बाबा!"

"नव्या कारागिराचा पहिला नग उस्तादाने फोडायचा. माझाही फोडला होता. डोक्यात हवा जाऊ नये म्हणून."

"अहो, वर्षभर राबलेय मी त्याच्यासाठी!"

"म्हणूनच."

त्याने थरथरता हात उंच केला आणि पेला सोडला. फरशीवर खणकन आवाज झाला, आणि काहीतरी गडगडत शेगडीखाली गेलं. नोरीनने मिटलेले डोळे उघडले, तर बुटाच्या नाड्या बांधायलाही माणूस लागणारा तिचा बाप गुडघ्यांवर बसून शेगडीखाली हात घालत होता.

त्याने पेल्याच्या कडेवरून अंगठा फिरवला. टवकासुद्धा नव्हता.

"आता काय म्हणतो तुमचा रिवाज?"

"रिवाजात याची सोयच नाही," एमिल पुटपुटला. "उस्ताद म्हणावं लागणार तुला."

मग त्याने पडदे बाजूला सारले आणि खिडकीतून शेजाऱ्याला हाक घातली, "ए वॉल्ट, मरू दे ती बाग! इकडे ये! माझ्या पोरीने काच केलीय!"

तो पेला आता बैठकीतल्या कपाटात आहे, कुलपात. फुटू नये म्हणून. कॉफी एमिल प्लास्टिकच्या पेल्यातूनच पितो.